माटोळी आणि नवें : गोमंतकातील परसाच्या सुगीचा इतिहास

आषाढ-श्रावणाच्या धारांचा जोर ओसरून भाद्रपद उजाडला, की गोमंतकातील घराघरांच्या परसाला एक निराळेच भरलेपण येते. मिरगाच्या आरंभी रोवलेले वेल तोवर मांडवभर पसरलेले असतात. दोडकी, पडवळ, कारली आणि काकड्या मांडवाखाली लोंबू लागतात. पावसाळी भेंडी हातभर लांब होते, चिबुडाचा वास ओटीपर्यंत येतो, अळूची पाने सुपाएवढी होतात आणि भोपळा आपल्या भाराने वेलाला जमिनीशी टेकवितो. मोरड जमिनीतील हळवे भात पिवळे पडू लागते. या पावसाळी पिकाला गोमंतकात ‘सरद’ म्हणतात आणि त्यानंतरच्या उन्हाळी पिकाला ‘वायंगण’. सरद हे शरदाचेच रूप होय. ज्या समाजाने पिकालाच ऋतूचे नाव दिले, त्याला त्या ऋतूचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु या ऋतूत गोमंतकीय मनुष्य पहिले फळ तोंडात घालीत नाही. पहिले दोडके, पहिली काकडी, पहिला नारळ आणि पहिली लोंबी ही सारी प्रथम देवापुढे जातात, आणि त्यानंतरच घरच्या चुलीला त्यांचा लाभ होतो. चतुर्थीला गणपतीच्या मस्तकावर बांधलेली माटोळी आणि त्यामागोमाग येणारे नवें ही या नेमाची दोन ठळक रूपे. वर्षानुवर्षे पाहून ती इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांना काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक गोमंतकावर गेल्या पाचशे वर्षांत जी जी स्थित्यंतरे आली, त्या सर्वांच्या खुणा या दोन आचारांवर उमटल्या आहेत. त्या खुणांचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

माटोळी म्हणजे काय

गोमंतकाबाहेर वाढलेल्या पिढीसाठी प्रथम माटोळीचे स्वरूप सांगणे उचित ठरेल. गणपती जेथे बसवायचा तेथे त्याच्या वर, तुळयांना दोरीने टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट असते. तिला आंब्याचे टाळे बांधून, त्याखाली परसातील व रानातील फळे, फुले, शेंगा, कंद आणि पाने ओळीने बांधतात. चारी कोपऱ्यांस नारळाच्या पेंडी, मध्ये सुपारीचा कातरा, केळ्यांचा घड, महाळुंग, आंबाडे, करमले, पडवळ, दोडकी, काकडी, चिबूड. आणि रानातून आणलेली कांगणी, घागऱ्या, कळलावीची अग्निज्वालेसारखी फुले. अशा जिनसांची संख्या जाणत्या घरी शंभराच्याही पुढे जाते. कोकणीत मंडपास माटव म्हणतात, आणि शेजारच्या सिंधुदुर्गात याच सजावटीला माटवी असे नाव आहे. तेव्हा माटोळी म्हणजे देवावर धरलेला छोटा मांडवच. परसात वेल ज्या मांडवावर चढतात, त्याचीच ही घरात आणलेली प्रतिकृती म्हटली तरी चालेल.

या सजावटीत एक मर्म आहे. तीत कागदी पताका वा झिरमिळ्या यांना मूळचे स्थान नाही. जे मातीतून उगवले तेच तीत बांधावयाचे. आणखी असे की तीत नुसते खाद्य पदार्थच नसतात. औषधी मुळ्या असतात, कडू फळे असतात, आणि कळलावीसारखी विषारी वनस्पतीही असते. ज्याचा उपयोग झाला त्याचेच आभार, असा हा व्यवहार नाही. त्या वर्षी मातीने जे जे दिले, त्या सर्वांची ही देवापुढे मांडलेली हजेरी आहे.

कुळागराची शिस्त

या हजेरीतील बऱ्याच जिनसा येतात त्या कुळागरातून. डोंगराच्या कुशीत, बारमाही झरीच्या खाली, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ही बाग अंत्रूज महालाचे, सत्तरीचे आणि सांग्याचे वैशिष्ट्य. वर माड आणि माडी, म्हणजे नारळ आणि पोफळ. त्यांच्या सावलीत केळी, फणस, भिंडाचे झाड, जायफळ. पोफळीच्या खोडावर चढलेली मिरवेल आणि पानवेल. आणि तळाशी हळद, आले, अळू, अननस व सुरण. एकाच जमिनीत चार थरांची शेती. पाटाचे पाणी आळ्याआळ्यांतून फिरते आणि कोणाच्या बागेला कोणत्या वेळी पाणी मिळावे याची पाळी ठरलेली असते. ती पाळी मोडणे हा पूर्वी गावचा अपराध समजला जाई.

कुळागर एका पिढीत होत नाही. आजोबाने लावलेल्या माडाचे नारळ नातू पाडतो, आणि नातवाने लावलेल्या फणसाचे गरे त्याचा नातू खातो. त्यामुळे कुळागराच्या धन्याला आपण मालक आहोत यापेक्षा आपण मधले दुवे आहोत ही जाणीव अधिक असते. माटोळीमागची कृतज्ञता ही अशा बागेतच रुजू शकली, कारण तेथे प्रत्येक हंगामाच्या लाभात पूर्वजांचा हात प्रत्यक्ष दिसतो.

फोरलातील पहिली पेंढी

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा बेट जिंकले. पुढे सोळा वर्षांनी, १५२६ साली, आफोंस मेशीय या अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकाऱ्यांच्या चालीरीती लिहवून घेऊन एक सनद तयार केली. ‘फोरल’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. करवसुली सुरळीत व्हावी हा तिचा उघड हेतू. तथापि त्यात महसुलाशी थेट संबंध नसलेल्या काही रूढीही नमूद झाल्या, आणि त्यांतील एक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

फोरल सांगतो की भाताची कापणी प्रथम आरंभण्याचा मान ताळगावच्या गावकारांचा. ते दरवर्षी नव्या भाताची पेंढी घेऊन मुख्य चर्चच्या वेदीपुढे येत. तेथून धर्मगुरू त्यांना सरकारी वखारीत घेऊन जाई, व तेथे सरकारी खर्चाने त्यांच्या गळ्यात मानाचे वस्त्र घालण्यात येई. त्यानंतरच इतरांनी कापणीस हात घालावयाचा.

पोर्तुगीज सत्ता येऊन तेव्हा उणीपुरी सोळा वर्षे झालेली. इतक्या अल्पकाळात नवीन धर्मपीठाला गावकारांनी पहिली पेंढी वाहण्याची रूढी शून्यातून निर्माण होणे संभवत नाही. मानाचा क्रम, पहिल्या पेंढीचे अर्पण, गळ्यातील वस्त्र आणि त्यानंतर मिळणारी मोकळीक हा सारा घाट जुन्या ग्रामव्यवस्थेचाच दिसतो. केवळ अर्पणाचे स्थान बदलले. नव्या राज्यकर्त्यांनाही ती रूढी मोडण्यापेक्षा आपल्या छत्राखाली घेणे अधिक सोयीचे वाटले असावे.

येथे नव्याचा मूळ अर्थ स्पष्ट होतो. पहिली पेंढी देवाला वाहिल्याखेरीज कोणी विळा चालवू नये, हा नुसता भक्तिभाव नाही, तो एक नियम आहे. त्याने उतावळ्याला आवर बसतो, अर्धे पिकलेले पीक कापले जात नाही, आणि सगळा गाव एका दिवशी शेतात उतरतो. कृतज्ञता ही मनात येऊन जाणारी लहर राहू नये, तिला दिवस, क्रम आणि जबाबदार माणसे असावीत, याची तजवीज पूर्वजांनी करून ठेवली होती.

ही रूढी लोपली नाही. ताळगावात २१ ऑगस्टला आणि सासष्टीतील राय या गावी ५ ऑगस्टला ‘कोंसाचें फेस्त’, म्हणजे कणसांचा उत्सव होतो. गावकारांच्या घराण्यांचा मान तेथे आजही पाळला जातो, आणि शेतातील पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात. गोमंतकातून सोळाव्या शतकापासून पुढे दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मंगळूर प्रांतात ८ सप्टेंबरच्या ‘मोंती फेस्ता’ला नव्या भाताचे दाणे पायसात घालून सहकुटुंब जेवण्याची चाल टिकविली. धर्म बदलला, गाव सुटले, परंतु पहिला दाणा वाहून मग जेवण्याची सवय मात्र बरोबर गेली.

परसातील तुळस आणि १७३६ चा हुकूम

सर्वच गोष्टी अशा सौम्यपणे घडल्या नाहीत. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५४१ साली देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, गोव्यात स्थापन झाली. १५६७ साली सासष्टीतील देवालयांचा विध्वंस झाला. त्या काळात कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीम्हाळसा, लोटलीचा श्रीरामनाथ अशी कित्येक दैवते जुवारी ओलांडून अंत्रूज महालात आली. अंत्रूज तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता. विशेष हे की या देवतांना नव्या ठिकाणी प्रथम आसरा मिळाला तो झरींच्या काठी, कुळागरांच्या सावलीत. आज मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, बांदोडे येथील देवालयांभोवती माड-पोफळींचे जे दाट हिरवे कोंदण दिसते, त्यात या निर्वासनाचा इतिहास दडलेला आहे. दोन शतके गेल्यावर १७३८-३९ च्या सुमारास छत्रपती शाहू व पेशवे यांच्या दरबारी वजन असलेल्या गोमंतकीय मंडळींच्या खटपटीने कवळे आणि मंगेशी ही गावे त्या त्या देवस्थानास मिळाली, आणि देवाला पुन्हा स्वतःची सुगी लाभली.

नदीपलीकडे जे राहिले, त्यांच्या परसापर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचला. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती प्रजेने जुने कोणकोणते आचार सोडावे याची लांबलचक यादी आहे. लग्नप्रसंगी पानसुपारी व फुले वाटणे, मिठावाचून भात शिजविणे, धोतर वा चोळी नेसणे अशा कित्येक गोष्टी तीत आहेत. आणि त्याच यादीत घरात, परसात वा अन्यत्र तुळशीचे रोप ठेवू नये, असेल तेथून ते उपटून टाकावे, असेही फर्मान आहे. परसातील एका रोपट्याची एवढी धास्ती एका बलाढ्य न्यायासनाला वाटावी, यावरून त्या परसाचे सामर्थ्य कळून येते. मनुष्याचे नाव बदलता येते, वेष बदलता येतो. तो अंगणात काय लावतो आणि सकाळी कशापुढे हात जोडतो, हे बदलणे अवघड असते.

त्या दिवसांची एक आठवण काही घराण्यांच्या गणेशपूजनात शिल्लक आहे. अशा घरी मातीची मूर्ती न आणता कागदावरील चित्राची वा केवळ पत्रीची पूजा होते. मूर्ती सापडली तर संकट, पण पाने-फुले तर प्रत्येक परसात असणारच. तेव्हा पूर्वजांनी पत्रीतच देव पाहिला, असे परंपरा सांगते. तसे असेल तर ज्या काळी देवळाचा घुमट नव्हता आणि मूर्तीही नव्हती, त्या काळी धर्म टिकला तो परसातील पानांच्या आधाराने, असेच म्हणावे लागेल.

१७६३ साली अंत्रूज पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १७८८ पर्यंत पेडण्यासह नव्या काबिजादी पुऱ्या झाल्या. परंतु या प्रदेशात हिंदूंच्या धर्माचारांना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. पुढे १८८६ आणि १९३३ साली देवस्थानांसाठी ‘मजानीयां’चे रेगुलामेंतु झाले. महाजनांच्या नोंदी, वार्षिक अंदाजपत्रक व हिशेब यांना सरकारी चौकट लाभली. देवस्थानच्या बागांतील नारळ-सुपारीची पावणी, म्हणजे जाहीर लिलाव, आणि त्यातून उत्सवाचा खर्च, असा सुगीचा आणि देवाचा जुना संबंध आता वहीखात्यातही रीतसर उतरला.

परदेशी पाहुणे आणि माटोळीचे औदार्य

याच काळात गोमंतकाच्या परसात एक मूक क्रांती घडत होती. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिय द ओर्त याने येथील औषधी व फळझाडे यांवर संवादरूपाने लिहिलेला ‘कोलोकियुश’ हा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पाहुण्या वैद्याशी चर्चा करता करता ओर्त आपल्या दासीला झाडावरचे करंबोळ तोडून आणावयास सांगतो, असा एक प्रसंग त्यात येतो. गोमंतकाच्या घरबागेतील फळतोडणीचा हा छापील ग्रंथातील बहुधा सर्वांत जुना उल्लेख असावा. ज्याला ओर्त करंबोळ म्हणतो तेच आपले करमल. ते आजही माटोळीला लटकते. ओर्तचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. तो जन्माने ज्यू वंशाचा. १५६८ साली तो वारला, आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्याने या भूमीच्या झाडाझुडपांचे ऋण अक्षरबद्ध केले, त्याला या भूमीत शांतपणे विसावताही आले नाही.

ओर्तच्या मागोमाग आलेल्या लेखकांच्या ग्रंथांत नवी फळे दिसू लागतात. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोतेन लिहितो की ब्राझीलमधून आलेला अननस आरंभी नवलाई म्हणून एका पारदांवाला एक, प्रसंगी त्याहूनही महाग विकला जाई. परंतु त्याच्या वेळेपर्यंत त्याची लागवड इतकी वाढली होती की तो अगदी स्वस्त झाला होता. पपईही अमेरिकेची, ती फिलिपाईन्स-मलाक्का मार्गे येथे पोहोचल्याचे तोच नमूद करतो. पेरू, सीताफळ, लाल भोपळा, मिरची ही सर्व मंडळी अशीच समुद्र ओलांडून आलेली. त्यांची कुळकथा त्यांच्या गोमंतकीय नावांतच आहे. पेरूला येथे ‘पेर’ म्हणतात आणि सीताफळाला ‘आता’. ही नावे पोर्तुगीज भाषेतून आली. मिरचीला मात्र गोमंतकाने ‘मिरसांग’, म्हणजे मिऱ्याची शेंग, असे स्वतःचे नाव देऊन घरातली करून टाकले.

आता आश्चर्य पाहावे. ज्या राजवटीने परसातील तुळस उपटावयास सांगितली, तिच्याच गलबतांतून आलेली ही फळे गणपतीच्या माटोळीवर जाऊन बसली, आणि त्यास कोणीही हरकत घेतली नाही. अननस, पपई, पेर, आता, भोपळा यांना कोणी गोत्र विचारले नाही. पूजेच्या मंत्रांत वा पत्रीच्या यादीत नवीन नाव घुसविणे कठीण. पण माटोळीचा नियम साधा होता. परसात उगवले, पावसात वाढले, घरच्या माणसांनी पाणी घातले, एवढे पुरे. जुलमाचा राग जुलमावर राहिला, तो फळांवर निघाला नाही. पूर्वजांच्या मनाचे हे मोठेपण कोणत्याही शिलालेखात कोरलेले नाही. ते दरवर्षी सुतळीने बांधले जाते.

नव्याची पंचम

चतुर्थीचा दुसरा दिवस कित्येक गावांत ‘नव्याची पंचम’ म्हणून पाळतात. काही गावांत नव्याचा दिवस देवस्थानच्या रीतीप्रमाणे निराळा असतो. गावकार व महाजन देवळात जमतात, नारळ ठेवून सांगणे होते आणि ढोल-ताशा-कांसाळ्यांच्या गजरात मंडळी ठरलेल्या शेतात जाते. तेथे भाताची पूजा करून लोंब्या कापतात. त्या प्रथम ग्रामदेवतेला वाहतात आणि मग प्रत्येक घरी वाटतात. घरी आलेली लोंबी आंब्याच्या पानात गुंडाळून देव्हाऱ्याला, दाराच्या चौकटीला, तुळशीला आणि भाताच्या कणगीला बांधतात. चार दाणे सोलून नैवेद्यात घालतात. वर्षभर ती लोंबी चौकटीवर वाळत राहते, आणि पुढल्या वर्षीची आली की मगच जुनी उतरते. घर क्षणभरही धान्यावाचून उघडे पडू नये, हा त्यामागील भाव.

पुढे दिवाळीत नव्या भाताचे पोहे होतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, फोडणीचे असे त्यांचे नाना प्रकार करून आप्तेष्ट एकमेकांच्या घरी जातात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला आवळ्याची आणि चिंचेची फांदी वृंदावनात रोवतात. अशा रीतीने भाद्रपदात आरंभलेला आभारांचा हा क्रम तुळशीपाशी येऊन पुरा होतो. त्याच तुळशीपाशी, जिला उपटण्याचे फर्मान एकदा निघाले होते.

ज्यांचे हात विसरले गेले

या इतिहासाची एक बाजू सांगितली नाही तर तो अपुरा राहील. भाटकाराच्या घरची माटोळी भरगच्च असे हे खरे. पण ती कोण भरीत असे? कंबरेला कोयता खोचून माडावर चढणारा आणि एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेणारा पाडेली, बांध घालणारा मुंडकार, रानात पहाटे जाऊन कांगणी व घागऱ्या आणणारी गावडा-कुणबी-वेळीप समाजाची माणसे, यांच्या कष्टांवाचून ती चौकट रिकामी राहिली असती. पुष्कळांना ते फळ देवापुढे ठेवण्याचा मान नव्हता; कित्येकांना ओटीच्या पायरीवरूनच ते द्यावे लागे. आपल्याच राबण्याचे फळ दुसऱ्याच्या नावाने देवाला वाहिलेले त्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिले.

१९६१ साली गोमंतक मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती यांनी हे नाते मुळापासून बदलले. त्यावरून घरोघरी आणि देवस्थानांतही पुष्कळ कटुता झाली. जुन्या मंडळींना त्यात नुकसान दिसले आणि ते अनेकांना सोसावे लागले, हेही नाकारता येणार नाही. तथापि कृतज्ञतेच्या दृष्टीने पाहिले तर एक जुने देणे त्या कायद्यांनी उशिरा का होईना फेडले. ज्या देवाला पहिली पेंढी दिली, त्याने ती पिकविणाऱ्या हातांची आठवण करून दिली, असेच श्रद्धावंताने म्हणावे.

आजची माटोळी

आज चतुर्थीच्या आधी दोन दिवस फोंडा, म्हापसा, पणजी, मडगाव येथे माटोळीचा बाजार भरतो. कुळागर राखणारी माणसे थोडी उरली, पाडेली मिळेनासा झाला, तरुण मंडळी नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी गेली, पुष्कळ परसांवर इमारती उठल्या. मग माटोळीच्या जिनसा विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. सदनिकेत राहणाऱ्यानेही चौकट टांगावी, यातच त्या प्रथेचे बळ आहे. शिवाय त्या बाजारामुळे डोंगराळ भागातील अनेक कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाती सणापुरते चार पैसे पडतात.

काळजीची गोष्ट निराळी आहे. विकत घेतलेल्या जिनसेचे नाव घेणाऱ्याला ठाऊक नसते. आजी एकेक फळ हाती देताना त्याचे नाव, त्याचा गुण, ते कोणत्या बांधावर मिळते, कोणत्या दुखण्यावर चालते, हे सहज सांगत असे. माटोळी बांधण्याची ती दुपार म्हणजे घरच्या मुलांची वनस्पतिशास्त्राची शाळाच होती. नाव विसरले की झाड ओळखू येत नाही, ओळखू न येणारे झाड तण समजून कापले जाते, आणि मग ज्याचे आभार मानावयाचे तेच उरत नाही. मुळापासून उपटून आणलेल्या रानवेलींनी बाजार भरला, तर माटोळीच रानाला जड होईल, ही भीतीही निराधार नाही.

सुदैवाने जाण अगदीच हरपलेली नाही. कला व संस्कृती खात्याच्या माटोळी सजावट स्पर्धांमुळे जुनी घराणी व नवी मुले पुन्हा नावे गोळा करू लागली आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावच्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. महाजनांच्या संस्थांना नोंदवहीचे वावडे कधीच नव्हते. कुळांच्या, सेवेच्या, पावणीच्या आणि उत्सवाच्या वह्या त्यांनी पिढ्यानपिढ्या जपल्या. त्यांच्याच शेजारी आणखी एक वही असावी, तीत गावातील प्रत्येक घराच्या माटोळीला यंदा काय काय बांधले, त्याचे स्थानिक नाव काय, ते परसातले की रानातले, आणि ते कोणी आणले, एवढे टिपावे. वीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला गावाचे परस वाढले की आटले, हे कोणाला न विचारता कळेल.

कृतज्ञता ही देवाला सांगण्याची गोष्ट खरी, पण देवाला तिची गरज नसते. ती सांगणाऱ्याला असते. पहिले दोडके तोडून देवापुढे ठेवणारा मनुष्य त्या क्षणी पाऊस, माती, पूर्वज आणि राबणारे हात या सर्वांचे आपण देणे लागतो, असे कबूल करीत असतो. पाचशे वर्षांत राजे बदलले, कायदे आले आणि गेले, देव नदी ओलांडून आले, फळे समुद्र ओलांडून आली. ही कबुली मात्र दर भाद्रपदात न चुकता दिली गेली. ती पुढेही दिली जावी, माटोळीखाली बसणाऱ्या लेकरांना वरच्या प्रत्येक फळाचे नाव सांगता यावे, आणि प्रत्येक दाराच्या चौकटीला नव्याची लोंबी लागावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.